बावन्न मिनिटांचा मुंढा

नागपुरात नंदनवनला आमच्या मागच्या गल्लीत एका घराच्या पुढच्या खोलीत बावीस वर्षांपासून शिवणक्लास चालतो. पाच मशिनी, एक लांब टेबल, भिंतीला टेकवलेले कागदी ड्राफ्ट, म्हणजे मापानं काढलेले कपड्याचे आराखडे, आणि दुपारच्या दोन बॅचा. शिकणाऱ्या मुली चालवणाऱ्या बाईंना मॅडम म्हणतात, मी काकू म्हणते. नाव लिहू नको, ही त्यांची अट. "बाकी सगळं लिही. फजिती झाली तेही लिही. लोकाईले तेच वाचायचं राहते."

माझा धंदा ट्रेनिंग तयार करण्याचा आहे. कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांसाठी स्लाइड, व्हिडिओ, शेवटी दहा प्रश्नांची परीक्षा, पास झाला की सर्टिफिकेट. हे काम मी अकरा वर्षं केलं आहे आणि त्यात मला बऱ्यापैकी कळतं असा माझा समज होता. काकूंच्या कोर्सनं तो समज उसवला.

पहिला कोर्स

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि क्लास बंद पडला. तेव्हा काकूंनी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल करून तीन-चार मुलींना कसंबसं शिकवलं. ते विसरून गेले असते सगळे, पण २०२३ च्या दिवाळीआधी सुनेनं विषय काढला. यूट्यूबवर कोणीही ब्लाउज शिकवतं, मग आपण पैसे घेऊन नीट का शिकवू नये? एका लग्नाचं शूटिंग करणाऱ्या माणसाला २२,००० रुपये देऊन पहिले दहा व्हिडिओ करून घेतले. त्यानं काकूंचा चेहरा फार सुंदर टिपला. सुरुवातीला संथ गतीत कात्री उघडते, मागे ढोल वाजतो, नाव सोनेरी अक्षरांत उमटतं. कात्री कापडावर चालते तेव्हा मात्र कॅमेरा काकूंच्या हसण्यावर असतो. वरमाला घालताना हात कोण पाहतो! त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला जे येत होतं ते त्यानं केलं.

उरलेले सोळा व्हिडिओ सुनेनं चालू क्लासमध्ये मोबाइल उभा करून घेतले. एकूण २६ व्हिडिओ, जवळजवळ अठरा तास. सगळ्यात मोठा ५२ मिनिटांचा, त्याचं नाव 'मुंढा आणि बाही'. मुंढा म्हणजे ब्लाउजचा काखेजवळचा गोल काप, जिथे बाही जोडतात. यूट्यूबवर ते अनलिस्टेड ठेवले, म्हणजे शोधून सापडत नाहीत, पण ज्याच्याकडे लिंक आहे तो पाहू शकतो. फी १,४९९ रुपये. ३८ जणी आल्या, म्हणजे ५६,९६२ रुपये. पहिल्याच महिन्यात एवढे आल्यावर घरात पेढे वाटले गेले.

सहा आठवड्यांनी गोंदियाच्या एका ताईंचा फोन आला. पैसे परत हवे होते. भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही छानच शिकवता जी. पण मी बरोबर केलं का चूक केलं, हे मले कोण सांगन?" काकूंनी पैसे परत केले आणि संध्याकाळी मला बोलावलं.

मी आधी सगळ्यांना फोन लावून पाहू या म्हटलं. ३८ पैकी ३३ जणींनी उचलला. पूर्ण ब्लाउज शिवून झालेल्या दोन. त्यातल्या एकीला आधीच शिवणकाम येत होतं, ती गळ्यांचे प्रकार पाहायला आली होती. म्हणजे कोर्समुळे ब्लाउज शिकलेली बाई एक.

मी काकूंना धीर द्यायला आकडे काढले. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा पहिल्या वर्षाचा हिशेब २०१४ मध्ये बाहेर आला, तेव्हा ८,४१,६८७ नोंदण्यांमधून ४३,१९६ सर्टिफिकेटं निघाली होती, जेमतेम पाच टक्के. मोठमोठ्यांचं असं होतं, तर आपलं काय! काकू ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "ते फुकट होतं ना? मी तं पैसे घेतले." यावर मला उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. फुकटच्या कोर्समध्ये माणूस डोकावून जातो. सावनेरच्या एखाद्या बाईनं घरखर्चातून १,४९९ काढून दिले असतील, तर ती डोकवायला आलेली नसते.

क्लासमध्ये वहीतल्या रेघा

व्हिडिओ पुन्हा पाहण्याऐवजी मी फेब्रुवारी २०२४ मध्ये चार दुपारी क्लासमध्ये कोपऱ्यात बसले. वहीत दोनच गोष्टी लिहायच्या: काकू सगळ्यांना मिळून बोलतात तो वेळ, आणि एखादीजवळ जाऊन हात लावतात त्या वेळा.

चार दुपारी मिळून आठ तास, म्हणजे ४८० मिनिटं. त्यात काकू सगळ्यांशी बोलल्या ६१ मिनिटं. बाकी वेळ त्या नुसत्या फिरत होत्या. कोणाच्या खांद्यावरून वाकून पाहायच्या, कोणाची कात्री मनगटाशी धरून थांबवायच्या, टेप उचलून पुन्हा लावायला सांगायच्या. अशा १४३ खुणा माझ्या वहीत झाल्या. कुठे कुठे थांबवलं ते जुळवून पाहिलं, तर ९७ खुणा तीनच ठिकाणी पडल्या होत्या: माप घेणं, मुंढ्याचा गोल काढणं आणि बाही लावणं.

म्हणजे आधीच्या कोर्सनं काय टिपलं होतं? काकू बोलत होत्या ती ६१ मिनिटं. त्या गप्प राहून फिरत होत्या ते सात तास कॅमेऱ्यात आलेच नव्हते, आणि शिकणं तिथेच होत होतं. भाजीचा फोटो काढून वास पाठवल्यासारखं झालं होतं ते.

एक गंमत यूट्यूबच्या आलेखात सापडली. व्हिडिओ कोणत्या क्षणी किती जण पाहत होते, याची रेघ तिथे दिसते. ५२ मिनिटांच्या मुंढ्याच्या व्हिडिओची रेघ चौथ्या मिनिटाला खाली आली आणि मग जमिनीला लागून सरपटत गेली. पण ३१ व्या मिनिटाला एकदम उंचवटा. तिथे लोक पुढेमागे करून पुन्हा पुन्हा पाहत होते. काय आहे तिथे म्हणून पाहिलं, तर क्लासमधल्या एका मुलीनं पुढचा आणि मागचा मुंढा सारखाच कापून ठेवला होता. काकू वैतागून तिचे दोन्ही तुकडे उचलतात, स्वतःच्या तुकड्यांशेजारी धरतात आणि म्हणतात, "हे पाय. पुढचा मुंढा अर्धा इंच जास्त खोल पाह्यजे. सारखाच कापला तं काखेत चुण्या पडतीन." चाळीस सेकंद. कोणी ठरवून न केलेले ते चाळीस सेकंद अठरा तासांतला सगळ्यात चांगला धडा होता. चूक आणि बरोबर शेजारी शेजारी.

आणखी एक शब्द मला त्या वहीनं दिला. काकू म्हणायच्या, "इथं दोन सूत आत घे." क्लासमधली पोरगी पहिल्या दिवशी विचारते, काकू टेपवर बोट ठेवतात, आणि तिला जन्मभरासाठी कळतं की इंचाचे आठ सूत असतात. व्हिडिओ पाहणारीला विचारायला कोणी नसतं. ती दोन सूत म्हणजे दोन दोरे समजते. हे कल्पनेतलं उदाहरण नाही. पुण्याहून एकीनं फोनवर मला हेच विचारलं होतं.

चौदा गळे

नवा कोर्स करायचा ठरल्यावर मी पहिला प्रश्न विचारला: शेवटच्या दिवशी बाईच्या हातात काय असेल? काकूंचं उत्तर तयार होतं. साधा ब्लाउज, कटोरी, प्रिन्सेस कट, चौदा प्रकारचे गळे, तीन प्रकारच्या बाह्या. मी म्हटलं, एक ब्लाउज. चार टक्सचा (म्हणजे फिटिंगसाठी शिवलेल्या चार चिमट्यांचा), अस्तराचा, स्वतःच्या मापाचा, अंगावर बसणारा. बस.

यावर आमचे आठ दिवस गेले. "चौदा गळे नाही दाखवले तं बाया पैसे काहून देतीन?" असा काकूंचा मुद्दा होता आणि तो पोकळ नव्हता. जाहिरातीत चौदा गळे दिसतात, मुंढा दिसत नाही. लोक याद्या पाहून विकत घेतात. पण गळा चुकला तर ब्लाउज घालता येतो, मुंढा चुकला तर हात वर होत नाही. शेवटी तडजोड अशी झाली की ज्या बाईचा ब्लाउज पूर्ण होईल तिला गळ्यांचे छोटे व्हिडिओ बक्षीस म्हणून उघडायचे. ही युक्ती काकूंची. मी तर गळे टाकूनच द्यायला निघाले होते.

मग माझी फजिती. सवयीप्रमाणे मी प्रत्येक भागाला प्रश्नमंजुषा जोडली. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा किती खोल? चार पर्याय. मार्चमध्ये आम्ही मोबाइलवर कच्चे व्हिडिओ काढले आणि पाच जणींवर करून पाहिले. त्यात पाचवी मी. मला सुईत दोरा ओवण्यापलीकडे काही येत नाही. पाचही जणींना दहापैकी दहा. त्यानंतर पाचपैकी तिघींनी मुंढा चुकीचा कापला, त्यात प्रश्न लिहिणारी मीही होते. माहीत असूनही कापताना कागद उलटा धरला गेला. प्रश्नमंजुषा त्याच दिवशी गेली आणि तिच्या जागी फोटो आला. ड्राफ्ट काढा, वर टेप ठेवा, फोटो पाठवा. काकू बघतील. त्यांनी हो म्हटल्याशिवाय पुढचा व्हिडिओ मिळणार नाही.

केंद्र सरकारचं 'स्वयम्' हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झालं, त्यातल्या अभ्यासक्रमांना चार अंगं ठरवून दिलेली आहेत: व्हिडिओ, वाचायचं साहित्य, चर्चेची जागा आणि मूल्यमापन. मी ही चौकट कामात शेकडो वेळा वापरली असेल. काकूंचा पहिला कोर्स म्हणजे त्या खाटेचा एकच पाया होता. पण मी लावलेला चौथा पायाही लाकडाचा नव्हता, थर्माकोलचा होता. परीक्षा घेतली म्हणून मूल्यमापन झालं, असं नसतं.

या पाच जणींच्या कच्च्या फेरीला खर्च आला वीस रुपयांच्या ब्राऊन पेपरचा आणि आठ दिवसांचा. पहिल्या वेळी हेच केलं असतं तर २२,००० वाचले असते. शूटिंग आधी आणि माणसं नंतर, हा उलटा क्रम मी मोठ्या कंपन्यांतही पाहिलेला आहे, तिथे फक्त रक्कम मोठी असते.

एप्रिल, मे आणि कूलर

पक्कं शूटिंग एप्रिल-मेमध्ये आलं. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि घरोघरी डेझर्ट कूलर घरघरत असतात. कूलर चालू ठेवला तर आवाजात काकू विमानात बसून शिकवतात असं वाटायचं. बंद केला तर दहा मिनिटांत काकूंच्या हाताचा घाम कागदावर उतरायचा आणि खडूची रेघ पुसायची. मग पहाटे साडेपाचला सुरुवात केली. साडेपाच ते साडेसात, रोज दोन तास. त्या वेळी कोकिळा असतात, त्या चालतात. साडेसातला कचरागाडी गाणं वाजवत येते, ती आमची सुट्टीची घंटा. कॉलरला लावायचा माइक घेतला. चित्र थोडं धूसर असलं तर बाई सोसते, आवाज फाटला तर बंद करते.

कॅमेऱ्याची जागा हा सगळ्यात उपयोगी शोध ठरला, आणि तो काकूंच्या नातीचा. आम्ही समोरून घेत होतो. ती म्हणाली, "आजी, तू डावखुरी दिसून राहिली." समोरून घेतलं की शिकणारीला सगळं उलटं करून समजून घ्यावं लागतं. मग कपडे वाळवायची स्टीलची दांडी टेबलाच्या वर आडवी बांधली, तिला मोबाइल उलटा अडकवला आणि चित्र काकूंच्या डोळ्यांच्या बाजूनं घेतलं. पडद्यावर दिसणारा उजवा हात हा पाहणारीचाच उजवा हात वाटायला लागला. चेहरा फक्त पहिल्या व्हिडिओत आहे.

कापडाचंही शिकावं लागलं. काळ्या कापडावर काळा दोरा क्लासमध्ये दिसतो, मोबाइलवर नाही. चकाकतं कापड उजेडात पांढरं पडतं. गांधीबागेतून साधा टू बाय टू, म्हणजे ब्लाउजचं सुती कापड, आणला, आणि अस्तर मुद्दाम वेगळ्या रंगाचं घेतलं. ज्या कापडाची सुलटी आणि उलटी बाजू सारखी दिसते त्याच्या उलट्या बाजूवर खडूनं फुल्या मारल्या. दोरा लाल. असा ब्लाउज कोणी घालणार नाही, पण शिवण स्पष्ट दिसते. ब्राऊन पेपरवर पेन्सिल जाऊन जाड मार्कर आला.

व्हिडिओची लांबी किती ठेवावी? एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या सुमारे ६९ लाख पाहण्यांवरून केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये आला होता. त्यात लोक सहा मिनिटांच्या आसपास लक्ष देतात असं दिसलं, आणि तेव्हापासून आमच्या धंद्यात सहा मिनिटं हा वेदमंत्र झाला आहे. मीही बहुतेक व्हिडिओ चार ते आठ मिनिटांत बसवले. पण बाही लावण्याचा व्हिडिओ अकरा मिनिटांचा ठेवला, कारण बाही मशीनखाली गेल्यावर मध्ये थांबता येत नाही. सहा मिनिटांवर तोडला असता तर बाईचा हात कापडावर आणि दुसरा हात पुढचा व्हिडिओ शोधायला मोबाइलवर, अशी तारांबळ उडाली असती. हाताला थांबता येईल तिथेच व्हिडिओ थांबला पाहिजे. त्या अभ्यासातली माणसं खुर्चीत बसून व्याख्यान ऐकत होती.

एकूण २३ व्हिडिओ झाले, अडीच तासांच्या आत. अठरा तासांचे अडीच. काकूंना ते ऐकून वाईट वाटलं. "एवढंच देऊन जास्त पैसे?"

फोन कोणाचा?

जुलै २०२४ ची बॅच ठरली. आठ आठवडे, महालक्ष्म्यांच्या आधी संपेल अशी. तिकडे पुण्यामुंबईकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्याकडे महालक्ष्म्या, आणि त्या दिवशी घरात वीस बायका जेवायला असतात. 'महालक्ष्म्यांना स्वतः शिवलेला ब्लाउज' या एका ओळीवर जाहिरात झाली. चौदा गळ्यांपेक्षा ती चालली, हे काकूंनी मान्य केलं, थोड्या नाखुशीनं.

फी २,८०० रुपये, जागा २४. फॉर्ममध्ये नाव-पत्त्याबरोबर दोन प्रश्न घातले: फोन कोणाचा आहे? तुमच्या हातात कधी असतो? चोवीसपैकी नऊ जणींचा फोन नवऱ्याचा किंवा मुलाचा होता. त्यांच्या हाती तो रात्री नऊनंतर यायचा. आम्ही आधी दुपारी दोनला थेट शंकानिरसन ठेवणार होतो, क्लासची तीच वेळ म्हणून. ते रविवारी रात्री साडेनऊला नेलं. झूमच्या फुकट खात्यावर चाळीस मिनिटांत कॉल तुटतो. आम्ही ते बदललं नाही. काकू एरवी दीड तास बोलल्या असत्या.

एक तयार कोर्सचं ॲपही भाड्यानं घेतलं होतं. सुंदर दिसायचं. पण त्यात शिरायला ईमेल लागायचा, पासवर्ड लागायचा, आणि ओटीपी जायचा नवऱ्याच्या फोनवर, जो त्या वेळी उमरेडच्या खाणीत ड्युटीवर असायचा. तिसऱ्या दिवशी ॲप सोडलं. व्हिडिओ पुन्हा यूट्यूबवर अनलिस्टेड, लिंक व्हॉट्सॲपवर, फोटो व्हॉट्सॲपवर. लिंक फुटेल ही भीती मला होती. पहिल्या कोर्सची फुटलीच होती. काकूंचं मत असं की पाहणाऱ्या पाहोत, "फोटो तं मी माह्या पोरींचेच तपासन ना!" विकायची वस्तू कोणती, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

प्रत्येकीला घरपोच एक पाकीट गेलं: टू बाय टू, अस्तर, ब्राऊन पेपर, हुक आणि बारा इंचांची छापील कागदी पट्टी. अस्तरावर चिठ्ठी: 'कापण्याआधी पाण्यात काढून वाळवा.' पाकिटाचा खर्च कुरिअरसह माणशी ३५० रुपये. यानं दोन गोष्टी साधल्या. सगळ्यांचं कापड एकच असल्यानं काकूंना कापडाच्या खोड्या आणि हाताच्या चुका वेगळ्या ओळखता आल्या. दुसरं, ती पट्टी. जुने टेप वापरून ताणले जातात. पट्टीशी लावून पाहिल्यावर तिघींचे टेप खोटे निघाले, एकीचा तर बारा इंचांत दोन सूत चुकत होता. ३६ इंच छाती मोजताना तो पाऊण इंचानं फसवतो.

माप घेण्याचा पेच वेगळाच होता. घरात एकटी बाई स्वतःच्या पाठीचं माप घेऊ शकत नाही, आणि सासूला किंवा नवऱ्याला सांगणं प्रत्येकीला जमतंच असं नाही. यावर कोर्सच्या पुस्तकात उत्तर मिळालं नसतं. टेलरकडे जाताना आपण सगळ्याच मापाचा ब्लाउज नेतो. तोच धागा धरला. सगळ्यात नीट बसणारा जुना ब्लाउज पलंगावर पसरा, या सहा जागी मोजा, आणि अंगावर फक्त छाती व कंबर ताडून पाहा. पहिल्या फोटोत ब्लाउज आणि टेप. हा पहिलाच फोटो चोवीस जणींनी पाठवला. सोपा होता, आणि माझ्या मते पहिलं काम सोपंच असावं.

रात्री दहाचं टपाल

फोटो सहा टप्प्यांवर मागितले होते. माप, पाठीचा ड्राफ्ट, पुढचा ड्राफ्ट मुंढ्यासह, कापलेलं कापड, एक लावलेली बाही, अंगावरचा ब्लाउज. शेवटच्या फोटोत चेहरा नको, असं ठळक लिहिलं होतं. २४ गुणिले ६, म्हणजे १४४ फोटो होतील असा माझा अंदाज. प्रत्यक्षात २३१ आले, कारण परत करायला लावलेले होते. सुरुवातीला व्हॉट्सॲपनं दाबून पाठवलेल्या फोटोत टेपवरचे आकडेच वाचता येईनात. पाठवताना एचडीचं बटण दाबायचं, हे शिकवायला वेगळा दीड मिनिटाचा व्हिडिओ करावा लागला.

काकू रात्री दहाला जेवणं उरकून बसायच्या. फोटोवर बोटानं लाल गोल काढायचा आणि आवाजात उत्तर पाठवायचं. लिहून नाही. एका फोटोला सरासरी चार मिनिटं, म्हणजे २३१ फोटोंना साडेपंधरा तासांच्या आसपास. या आकड्यावरूनच पुढच्या बॅचची संख्या ठरली. २४ च्या पुढे काकू झोपणार कधी?

हिशेबही सांगते, कारण तो कोणी सांगत नाही. २,८०० गुणिले २४ म्हणजे ६७,२००. पाकिटांचे ८,४०० वजा जाता ५८,८००. माइक, दिवा, मोबाइलचा क्लॅम्प यांचे सहा हजारांच्या आत. पहिल्या कोर्सचे ५६,९६२ मधून शूटिंगचे २२,००० आणि एक परतावा गेला होता. माझं काम फुकट धरलं आहे. त्याच्या बदल्यात मला आता ब्लाउज शिवता येतो, बरा.

चोवीसपैकी १७ जणींनी शेवटचा फोटो पाठवला. तिघी मुंढ्यावर अडकल्या आणि तिथेच राहिल्या. चौघी कुठे गेल्या ते कळलं नाही. त्यातल्या दोघी पोळ्याच्या सुमाराला माहेरी गेल्या त्या फोनसकट हरवल्या. तुमसरच्या एकीनं पाचवा फोटो शेजारच्या टेलरणीच्या बाहीचा पाठवला. काकूंनी तो लगेच ओळखला, कारण टाके फारच सरळ होते. त्या रागावल्या नाहीत. "आता हीच उसवून पुन्हा लाव अन् मग पाठव." तिनं खरंच उसवली.

सगळ्यात जास्त परत आलेला फोटो कोणता? मला वाटलं होतं मुंढा. तो होता बाहीचा. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या जात होत्या. बाहीलाही पुढची बाजू असते, हे व्हिडिओत होतं, तीनदा होतं. पण कापताना कापडाची घडी कशी घातली यावर ते ठरतं, आणि घडी आम्ही व्हिडिओ सुरू होण्याआधीच घालून ठेवली होती. वेळ वाचावा म्हणून. स्वयंपाकाच्या कार्यक्रमात कांदा चिरून ठेवलेला असतो, तसं. ती वीस सेकंदांची घडी आम्ही सप्टेंबरमध्ये पुन्हा शूट केली.

सध्या तिसरी बॅच चालू आहे. जावयाचं म्हणणं, दोनशे जणी घ्या. काकूंनी मध्यम मार्ग काढला: पहिल्या बॅचच्या दोघींना फोटोमागे वीस रुपये देऊन तपासायला बसवलं आणि जागा चाळीस केल्या. त्यातली हिंगणघाटची कडक आहे. दुसरी फार मायाळू, सगळ्यांनाच छान म्हणते. तिनं पास केलेले दोन मुंढे चौथ्या फोटोत, कापड कापून झाल्यावर पकडले गेले, आणि वाया गेलेलं कापड काकूंनी पदरचं पाठवलं. आता दोघींसाठी काकू चुकलेल्या मुंढ्यांचे फोटो गोळा करत आहेत, एकेकावर काय बोलायचं ते सांगून. काल रात्री मी गेले तेव्हा मायाळू ताईला त्यांचा आवाज रेकॉर्ड होत होता: "छान म्हण, बाई, नक्की म्हण. पण त्याच्याआधी म्हण, मुंढा दोन सूत खाली घे, टेप सरळ ठेव, अन् फोटो परत पाठव."